डीपी मुदतीआधी जळते, तेव्हा खरा खर्च कोण भरतं?

सीनाकाठ (धागाकर्ता)

सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यात आमची शेती आहे. शिवारातली शंभर केव्हीएची डीपी, म्हणजे खांबावरचं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), यंदाच्या उन्हाळ्यात पुन्हा जळाली. दर खेपेला बोलणं एवढंच होतं, की दुसरी कधी येणार. पहिली का गेली, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

मला हिशेब मांडायचा आहे. रोहित्राचं आयुष्य साधारण पंचवीस वर्षं धरतात. सोयीसाठी किंमत दोन लाख धरू. पंचवीस वर्षं चाललं तर वर्षाला आठ हजार पडले. तिसऱ्या वर्षी जळालं तर वर्षाला सहासष्ट हजारांवर गेले. रिवाइंडिंग करून, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून, तेच परत वापरतात हे मान्य, पण त्यालाही पैसे लागतात आणि भरून आलेलं रोहित्र पहिल्यासारखं टिकत नाही, हा आमच्याकडचा अनुभव आहे.

यात ट्रॅक्टरचं भाडं नाही, उतरवण्या-चढवण्यासाठी गोळा केलेली वर्गणी नाही. मे महिन्यात उसाची पाळी चुकली, डाळिंबाची फुलं गळाली, तेही कुठल्याच कागदावर येत नाही. वीज कंपनीच्या खात्यात दुरुस्तीची एक रक्कम पडते आणि विषय संपतो. मला वाटतं, ती रक्कम एकूण नुकसानीचा सगळ्यात लहान भाग आहे.

या क्षेत्रात काम केलेले, शेतीवाले, कारखानेवाले, सगळ्यांनी लिहा. वेळेआधी यंत्र का जातं, आणि त्याची किंमत तुमच्याकडे कोणत्या रूपात येते?

---

मागवाला

अक्कलकोट रोडला आमचे माग आहेत, चादरीचे आणि टॉवेलचे. वीज गेली की माग थांबतो एवढंच लोकांना दिसतं. थांबलेला माग परत सुरू होतो तिथे कापडावर पट्टा पडतो. तो नग मग दुय्यम मालात जातो. सायझिंगवाल्याचं दुखणं त्याहून मोठं. खळ लावलेलं सूत तापलेल्या सिलिंडरवर असताना वीज गेली तर तेवढं सूत वाया, कधी अख्ख्या बीमवर परिणाम होतो.

आणि कामगार नगावर पैसे घेतो. बंद मागासमोर बसलेल्या पाच तासांची मजुरी त्याला कुणी देत नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं याचा आम्हाला अभिमान आहे, पण ती विणणाऱ्याचा तास कुठल्याच ताळेबंदात धरलेला नाही. सीनाकाठ, तुमच्या यादीत हे घाला.

---

कडक_भाकरी

वाचतोय. डीपीचं नाव काढलं की धागा पेटतोच, तेवढा फ्यूज जपा मंडळी.

---

जुना_ऑपरेटर

मी उपकेंद्रात नोकरी केली, आता निवृत्त आहे. रोहित्र सहसा स्वतःहून मरत नाही. त्याला वाचवण्यासाठी जी स्वस्त वस्तू बसवलेली असते ती आधी मेलेली असते, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

डीपीवर बघा. वर ड्रॉप आउट फ्यूज, खाली किटकॅट (तार घालायचा साधा फ्यूज), शेजारी लाइटनिंग अरेस्टर (पडलेली वीज जमिनीकडे वळवणारा), खाली अर्थिंग. किटकॅटमध्ये ठरलेल्या तारेऐवजी ॲल्युमिनियमच्या तारेचा पीळ घातलेला दिसेल. तो पीळ कधीच उडत नाही. मग पुढे कुठे तारा एकमेकींना चिकटल्या की तो सगळा करंट गुंडाळीतून जातो. शेवटी फ्यूजच्या जागी रोहित्र उडतं. काही रुपयांची तार वाचते आणि लाखाची वस्तू जाते.

अर्थिंगचंही तेच. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. खड्ड्यात पाणी नाही, कोळसा-मीठ केव्हाचं संपलेलं, पट्टी गंजलेली किंवा चोरलेली. मेच्या शेवटी वळवाचा पाऊस येतो, वीज पडते. अरेस्टर आपलं काम करायला तयार असतो, पण विजेला जमिनीत जायला वाटच नसते.

---

टाँगटेस्टर

काकांशी सहमत. मी आकडे देतो.

शंभर केव्हीएच्या रोहित्रातून ४३३ व्होल्टला साधारण १३३ अँपियर घेता येतात. पाच एचपीचा पंप चालू स्थितीत साडेसात अँपियरच्या आसपास घेतो. म्हणजे सतरा पंपांत रोहित्र भरलं. प्रत्यक्षात त्यावर पंचवीस-तीस पंप सहज सापडतात, काही नोंदलेले, काही तारेवर आकडा टाकून चालवलेले.

आता यातला खरा घातक भाग. बहुतेकांनी स्टार्टरला ऑटो स्विच लावलेला असतो. लाईन आली की सगळे पंप एकदम उठतात. थेट सुरू होणारी मोटार सुरुवातीला सहापट करंट ओढते. पंचवीस पंप गुणिले साडेसात गुणिले सहा, हजार अँपियरच्या पुढे. व्होल्टेज बसतं म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी होतो, तरी क्षमतेच्या कित्येक पट. आणि हे दिवसातून जितक्या वेळा लाईन ये-जा करेल तितक्या वेळा. प्रत्येक धक्क्याला गुंडाळीवर ताण येतो, वेटोळी सैल होतात, त्यांच्यामधला कागद घासतो. एक दिवस आतल्या आत शॉर्ट. जळालं त्या दिवशी लोड फार नव्हता असं लोक म्हणतात ते खरंही असतं, नुकसान आधीच होऊन गेलेलं असतं.

त्यात पंपांचे कपॅसिटर काढून टाकलेले. तो लावला तर तेवढ्याच कामाला करंट कमी लागतो.

---

भीमातीर

टाँगटेस्टर, गणित बरोबर आहे, पण ऑटो स्विच हौसेने लावलेला नाही. लाईन निम्मे दिवस रात्रीची असते. रात्री दोनला येणार, मध्येच जाणार, परत तीनला येणार. थंडीत, अंधारात, साप-विंचवाच्या रानात प्रत्येक वेळी बटण दाबायला कोण जाईल? आमच्या वस्तीवरचा एक म्हातारा माणूस रात्री पाणी द्यायला गेला आणि सर्पदंशाने गेला. त्यानंतर सगळ्यांनी ऑटो लावले. दिवसा सलग वीज द्या, मी स्वतः गावभर फिरून ऑटो काढायला लावतो.

आकडा टाकणाऱ्यांचं म्हणाल तर, कनेक्शनसाठी पैसे भरून वर्षानुवर्षं वाट पाहिलेले लोकही त्यात आहेत. चोर म्हणून सगळ्यांना एका दावणीला बांधू नका.

---

टाँगटेस्टर

@भीमातीर, मान्य. शेतकऱ्याला दोष द्यायचा हेतू नव्हता. मार्ग आहे: ऑटोमध्ये टायमर असलेला प्रकार मिळतो. एकाचा पंप लाईन आल्यावर एका मिनिटाने, दुसऱ्याचा दोन मिनिटांनी, तिसऱ्याचा तीन. गावाने मिळून ठरवलं तर धक्का वाटला जातो. एकट्याने लावून उपयोग नाही.

---

भीमातीर

हे कुणी सांगितलंच नव्हतं. ऑटो काढा, एवढंच ऐकत आलोय. आमच्या डीपीवर बोलून बघतो.

---

जुळे_सोलापूरकर

सोलापूरच्या उन्हाबद्दल कुणीच बोललं नाही. चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशात यंत्रं टिकणार कशी? माझ्या मते निम्मं कारण ऊनच.

---

ओव्हनताई

@जुळे_सोलापूरकर, मी रोहित्र चाचणीच्या कामात आहे. ऊन कारण आहे, पण एकटं नाही. आपल्याकडच्या मानकांत भोवतालचं तापमान कमाल ५० अंश धरूनच रोहित्र बनवायचं असतं. सोलापूरचा उन्हाळा त्या मर्यादेत बसतो. ऊन आणि जादा भार एकत्र आले की मग बिघडतं.

गुंडाळीवर कागदाचं आवरण असतं. आतल्या सगळ्यात तापलेल्या जागी ९८ अंशांपर्यंत कागदाचं वय नेहमीच्या गतीने सरतं. त्याच्या वर दर सहा अंशांना ती गती दुप्पट होते, असं भारासंबंधीचं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सांगतं. म्हणजे बारा अंश जास्त, तर चौपट. मे महिन्यात दुपारी भरगच्च भार घेणारं रोहित्र एका तासात चार तासांचं आयुष्य खर्च करू शकतं. बाहेरून काहीच दिसत नाही. तेल गळून पातळी खाली गेली असेल तर आणखी वाईट, कारण थंड करणारं तेलच आहे.

आणि श्वासमार्गातली सिलिका जेल बघा. निळी असेल तर कोरडी, गुलाबी झाली तर ओली. गुलाबी होऊन पांढुरकी पडलेली जेल मी खेड्यापाड्यांत इतकी पाहिली आहे की निळी दिसली की बरं वाटतं. ओलावा तेलात, तिथून कागदात. ओला कागद लवकर सडतो.

---

वाइंडिंगवाला

ताईंनी कागदाचा विषय काढला म्हणून लिहितो. आमचं घराणं रिवाइंडिंगच्या धंद्यात आहे. धागाकर्ते म्हणतात भरून आलेलं टिकत नाही. नीट भरलेलं टिकतं. नीट भरायला वेळ लागतो.

जळालेलं रोहित्र आलं की जुनी कॉइल काढायची, टाकी आतून धुवायची, कोअरच्या पट्ट्या तपासायच्या, नवी डीपीसी (दुहेरी कागद गुंडाळलेली) तार घेऊन कॉइल बांधायची. मग ती ओव्हनमध्ये सुकवायची. किती सुकवायची हे घड्याळावर ठरत नाही, मेगरचं (आवरणाचा विद्युतरोध मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग चढून स्थिर होईपर्यंत ठेवायची. मग गाळलेलं गरम तेल भरायचं, त्याची विजेचा दाब सोसायची ताकद तपासायची.

उन्हाळ्यात काय होतं? एकामागून एक रोहित्रं येऊन पडतात. बाहेर ट्रॅक्टर घेऊन गावचे लोक बसलेले असतात, पुढाऱ्यांचे फोन येतात. अशा वेळी ओव्हनमधून कॉइल लवकर काढण्याचा मोह काही ठिकाणी होतो. त्यात कामाचा दर निविदेत सगळ्यात खाली गेलेला. तो दर तार, कागद आणि तेल, तिन्हींत थोडं थोडं कापूनच जुळतो. आम्ही त्या दरात काम घेणं सोडलं.

आणखी एक. रोहित्र आमच्याकडे येतं त्याच्यासोबत कारणाची चिठ्ठी कधीच येत नाही. उघडल्यावर मला कळतं. वरची वेटोळी जळालीत तर बहुतेक बाहेरून आलेला विजेचा झटका. एकाच फेजची कॉइल काळी, बाकी दोन चांगल्या, तर भार एका फेजवर लादलेला. कॉइल सरकून वाकडी झाली, तर शॉर्टचा मार. तळाशी पाणी सापडलं तर सील गेलेलं. हे मी कुणाला सांगू? विचारणारा रकाना कुठल्या फॉर्मवर असला तरी तिथे "जळाले" एवढंच लिहिलेलं असतं. तेच रोहित्र त्याच डीपीवर जातं, तोच भार, तोच पीळ, आणि पुढच्या वर्षी परत आमच्या दारात.

---

सीनाकाठ

वाइंडिंगवाले दादा, मला हेच हवं होतं. धन्यवाद. "जळाले" हे कारण होऊच शकत नाही.

---

माळावरचा

व्हॉट्सॲपवर फिरतंय की वीज कायदा कलम ५७ प्रमाणे डीपी जळाली तर शेतकऱ्याला आपोआप इतके इतके रुपये मिळतात. कुणाला मिळालेत का?

---

वकीलबुवा

तो मेसेज पुढे पाठवू नका. वीज कायदा २००३ मधलं कलम ५७ एवढंच म्हणतं, की आयोगाने कृती-मानकं ठरवावीत आणि परवानाधारकाने ती पाळली नाहीत तर बाधित ग्राहकाला भरपाई द्यावी. रक्कम आणि मुदत कायद्याच्या कलमात नाही, ती राज्य वीज नियामक आयोगाच्या विनियमांत आहे. ग्रामीण भागात रोहित्र बदलायला ४८ तासांची मुदत आहे. महत्त्वाचं काय, तर तक्रार कधी केली याचा पुरावा. वायरमनला तोंडी सांगितलेलं कुठेच उभं राहत नाही. तक्रार क्रमांक घ्या, तारीख-वेळ लिहून ठेवा.

---

पूर्वभागातला

अवांतर: आपल्या जिल्ह्यात एनटीपीसीचं १३२० मेगावॉटचं केंद्र आहे. रायचूर-सोलापूर ७६५ केव्हीची लाईन २०१३च्या शेवटी सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाला जोडलं गेलं, ते आपल्याच सोलापुरातून. एवढं सगळं असून आमच्या गल्लीतली डीपी पावसाच्या पहिल्या थेंबाला जाते, याचं मनापासून वाईट वाटतं.

---

टाँगटेस्टर

@पूर्वभागातला, ही दोन वेगळी कामं आहेत. तिथली वीज राष्ट्रीय ग्रिडमध्ये जाते. तिथल्या प्रत्येक यंत्रावर माणूस आणि मोजमाप आहे. गल्लीतल्या डीपीवर बहुतेक वेळा काहीच नाही. त्यातून किती अँपियर जातात, कोणत्या फेजवर जास्त, हे कुणी टाँग टेस्टर (तारेला चिमट्यासारखं लावून करंट मोजायचं यंत्र) लावून बघितलं तरच कळतं. शहरात भार वाटून देणं हे फार स्वस्त काम आहे. तीन फेजपैकी एकीवर सगळे एसी, दुसरी मोकळी, आणि रोहित्र एका फेजमुळे जातं.

न्यूट्रल सुटला तर आणखी वाईट. एका घरात दिवे मंद, दुसऱ्या घरात टीव्ही-फ्रिज जळालेले. त्या टीव्हीची किंमत कुणाच्या दुरुस्ती खर्चात येते?

---

पाण्याची_पाळी

शहरातल्यांनी पाणी विसरू नये. आपल्याकडे नळ रोज येत नाही. उजनी आणि टाकळीकडून येणारं पाणी पंपांवर चालतं. पंपगृहाकडची लाईन किंवा एखादं उपकरण गेलं की उपसा थांबतो, जलवाहिनी रिकामी होते, ती परत भरायला तास जातात, आणि सगळ्या शहराची पाळी एका दिवसाने पुढे. टँकरला पैसे मोजणाऱ्या बाईला माहीतही नसतं की तिने एका केबल जॉइंटची किंमत भरली.

---

जुना_ऑपरेटर

पाण्याचा विषय निघाला म्हणून मोठ्या यंत्राची गोष्ट सांगतो. ३३/११ केव्ही उपकेंद्रात ब्रेकर असतो. फीडरवर दोष आला की रिले (दोष ओळखणारं उपकरण) त्याला हुकूम देतो आणि ब्रेकर उघडतो. तो हुकूम पोचवायला डीसी लागते, म्हणजे बॅटरी. ती बॅटरी खोलीच्या कोपऱ्यात पडलेली. डिस्टिल्ड वॉटर घालणं, टर्मिनलची पांढरी साठ पुसणं, चार्जर चालू आहे का बघणं, एवढीच तिची सेवा.

एका ठिकाणी ती सेवा झाली नव्हती. फीडरवर दोष आला, रिलेने बघितलं, पण ब्रेकर उघडला नाही. मागच्या उपकेंद्राने लाईन तोडेपर्यंत तो सगळा करंट पाच एमव्हीएच्या रोहित्रातून वाहत राहिला. रोहित्र गेलं. अनेक गावं कितीतरी दिवस आळीपाळीने अर्ध्या विजेवर राहिली. अहवालात लिहिलं गेलं की रोहित्र निकामी झालं. बॅटरीचं नाव त्यात नव्हतं. मी तेव्हा बोललो होतो, आजही बोलतो: अहवालात बॅटरी आली असती तर पुढच्या महिन्यात दहा उपकेंद्रांतल्या बॅटऱ्या तपासल्या गेल्या असत्या.

---

कोरडवाहू

एवढं सगळं करण्यापेक्षा सौर पंप घ्या आणि मोकळे व्हा. सरकारची योजना आहेच.

---

ज्वारीचं_कणीस

@कोरडवाहू, मी घेतला आहे. दिवसा पाणी देता येतं, रात्रीची जागरणं संपली, हे फार मोठं सुख आहे. पण वेळेआधी बिघाड तिथेही आहे. कंट्रोलर बंद पडला तर दुरुस्तीला माणूस येईपर्यंत पीक थांबत नाही. पाच वर्षांची दुरुस्ती हमी आहे, ती कागदावरून शेतात यायला पाठपुरावा लागतो. डीपी गेली तर पंचवीस जण मिळून भांडतात, इथे एकट्याला भांडावं लागतं.

उच्चदाब वितरणाच्या योजनेतून ज्यांना एक-दोन पंपांना एक छोटं रोहित्र मिळालं, त्यांचं मात्र चांगलं चाललेलं पाहिलं आहे. आपल्याच पंपाचं रोहित्र म्हटल्यावर फ्यूजमध्ये कुणी पीळ घालत नाही.

---

माळावरचा

आता साडेसात एचपीपर्यंत शेतीची वीज मोफत आहे. पूर्वी थकबाकी भरा मग डीपी, असं ऐकायला मिळायचं. आता बिलच नाही तर आम्हाला विचारणार कोण, अशी भीती वाटते.

---

वकीलबुवा

@माळावरचा, बिल शासन भरतं, म्हणजे कंपनीला पैसे मिळतातच. तुमचा ग्राहक म्हणून हक्क तसाच आहे. तक्रार करताना हे ठासून लिहा.

---

वायरमनची_बायको

मी फारशी लिहीत नाही. सगळ्यांनी पिकाचं, कापडाचं, पाण्याचं सांगितलं. एक खर्च राहिला. डीपी वारंवार जाते तितक्या वेळा माणूस खांबावर चढतो, पावसात, रात्री, मागे लोक ओरडत असताना. लाईन बंद आहे असं फोनवर सांगितलं जातं आणि त्या भरवशावर चढावं लागतं. आमच्या ओळखीतला एक मुलगा असाच गेला, कंत्राटी होता. पाच वर्षं जास्त टिकणारं रोहित्र म्हणजे तेवढ्या वेळा कमी चढणं. खर्चाच्या यादीत हे सगळ्यात वर लिहा.

---

जुना_ऑपरेटर

ताई, बरोबर बोललात. बंद आहे असं कुणी सांगितलं तरी स्वतः एबी स्विच (खांबावरून लाईन तोडणारा स्विच) उघडलेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि लाईन अर्थ केल्याशिवाय हात लावू नये. कितीही आरडाओरडा होऊ दे. त्यांना माझा निरोप सांगा.

---

सीनाकाठ

सगळं वाचलं. वायरमनच्या घरच्या ताईंचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. दुरुस्तीचं बिल हा लहान भाग, हे आता नक्की झालं. पण त्याहून मोठी गोष्ट कळली, की कारण न नोंदवता यंत्र बदलणं म्हणजे पुढचा बिघाड आजच पक्का करणं. आमच्या डीपीवरचे आम्ही सगळे मिळून लेखी अर्ज देणार आहोत. मागणी दोनच: जळालेल्या रोहित्राचं कारण लेखी द्या, आणि नवं चार्ज करताना, म्हणजे त्यात वीज सोडताना, आमच्यातला एक जण हजर असू द्या. टायमरवाल्या ऑटोचं आमच्या बाजूने आम्ही करतो. ओव्हनताई, हजर राहणाऱ्याने नेमकं काय बघायचं?

---

ओव्हनताई

मेगरचं रीडिंग विचारा आणि लिहून घ्या. तेलाची पातळी खुणेपर्यंत आहे का, जेल निळी आहे का. नेमप्लेटवरचा अनुक्रमांक आणि वर्ष यांचा फोटो काढा, म्हणजे पुन्हा बिघडलं तर हमीकाळाचा वाद होणार नाही. अर्थिंग नवीन केलं का, अरेस्टरची तार खालपर्यंत अखंड आहे का. किटकॅटमध्ये योग्य जाडीची तार. चार्ज केल्यावर तिन्ही फेजचा करंट टाँग टेस्टरने मोजायला लावा, पंप चालू असताना. एका फेजवर फार जास्त असेल तर तिथल्या तिथे जोडण्या बदलून घेता येतात.

तुमच्यातल्या कुणीही डीपीला हात लावायचा नाही, फक्त बघायचं आणि लिहायचं.

---

वाइंडिंगवाला

आणि जुनं रोहित्र कुठल्या वर्कशॉपला गेलं ते अर्जात विचारून घ्या. उघडतील त्या दिवशी जाऊन कॉइलचे फोटो काढा आणि इथे टाका. कारण मी सांगतो.